गवत लावावे, पण कोणते?

बाग करायची म्हटले की आपले पहिले काम असते ते गवत उपटण्याचे. खुरपे घेऊन वाफ्यातले गवत मुळासकट काढल्याशिवाय बाग स्वच्छ झाली असे आपल्याला वाटतच नाही. अशा वेळी कोणी रोपवाटिकेत जाऊन पैसे मोजून गवत विकत आणले, तर घरातली वडील मंडळी हसल्याशिवाय राहणार नाहीत. तरीही गेल्या काही वर्षांत शोभेच्या गवतांना आपल्या शहरांतून चांगलीच मागणी आली आहे. गृहसंकुलांची आवारे, हॉटेलांची प्रवेशद्वारे, रस्त्यांचे दुभाजक अशा ठिकाणी कारंज्यासारखी झुकलेली पाती आणि मऊ, लांब तुरे असलेली गवते दिसू लागली आहेत. पाणी कमी लागते, कीड फारशी पडत नाही आणि वाऱ्यावर डोलताना ती सुंदर दिसतात.

ही हौस वाईट नाही. उलट ज्या वनस्पतीकुळावर माणसाचे पोट अवलंबून आहे, त्याच्याकडे निरखून पाहण्याची ही चांगली संधी आहे. मात्र अंगणात कोणते गवत लावायचे हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नाही. कुंडीत लावलेले गवत कुंडीतच राहील याची खात्री नसते, आणि ते बाहेर पडले तर काय होते याचा अनुभव जगात काही ठिकाणी लोकांनी घेतलेला आहे. म्हणून आधी गवत म्हणजे काय आणि ते वाढते कसे हे पाहू, मग निवडीकडे वळू.

गवत कशाला म्हणावे?

लांब अरुंद पाने दिसली की आपण त्या वनस्पतीला गवत म्हणून मोकळे होतो. वनस्पतिशास्त्रात मात्र गवताचे कूळ स्वतंत्र आहे. त्याला पोएसी असे नाव आहे. जगात या कुळाच्या सुमारे ११ ते १२ हजार जाती आहेत, आणि भारतात १२०० हून अधिक. भात, गहू, ज्वारी, बाजरी, मका, नाचणी, ऊस आणि बांबू ही सगळी गवतेच. जुन्या मुंबई इलाख्यातील गवतांवर एथेलबर्ट ब्लॅटर आणि चार्ल्स मॅककॅन यांनी लिहिलेला ग्रंथ १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या भागातील गवते ओळखू पाहणाऱ्याला तो आजही उपयोगी पडतो.

गवत ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. खोड गोल असते आणि त्यावर पेरे असतात. दोन पेरांमधले कांडे बहुधा पोकळ असते. ऊस, मका, ज्वारी यांत ते भरीव असते. पाने खोडाच्या दोन बाजूंना एकाआड एक येतात. प्रत्येक पानाचे दोन भाग असतात. खालचा भाग खोडाला नळीसारखा वेढून असतो, त्याला आवरण म्हणू. वरचा मोकळा भाग म्हणजे पाते. या दोहोंच्या सांध्यावर आतल्या बाजूने एक पातळ पापुद्रा किंवा केसांची झालर असते. तिला जिव्हिका म्हणतात. ज्वारीचे किंवा मक्याचे पान हलकेच मागे ओढले तर ती विद्यार्थ्यांना स्पष्ट दिसेल.

आता वाफ्यातला लव्हाळा उपटून त्याचा दांडा दोन बोटांत फिरवून पाहा. तो गोल फिरत नाही, कारण त्याला तीन कडा आहेत. त्याची पानेही तीन बाजूंना येतात. म्हणजे शेतकऱ्याचा हा जुना शत्रू गवत नव्हेच. तो मोथ्याच्या कुळातला आहे.

खालून वाढणारी वनस्पती

जनावर चरून गेले तरी गवत पुन्हा वाढते, आणि हिरवळीवर यंत्र फिरवले तरी ती आठवड्यात पुन्हा उंच होते. मुगाचे रोप बुडाशी कापले तर मात्र ते मरते. हा फरक का पडतो?

बहुतेक झाडांची उंचीची वाढ शेंड्यावर होते. नवे पेशीविभाजन शेंड्याच्या टोकाशी चालते. शेंडा खुडला तर खालच्या पानांच्या बगलेतील कळ्या फुटतात, पण कळ्यांसकट सारे गेले तर काही उरत नाही. गवताने आपला वाढीचा भाग वेगळ्या जागी ठेवला आहे. पात्याची वाढ त्याच्या टोकाशी न होता तळाशी होते. आपण पात्याचे टोक कापतो तेव्हा त्याचा सर्वांत जुना भाग कापत असतो. कारखाना तळाशी सुरूच राहतो. शिवाय फुलोरा येण्याची वेळ होईपर्यंत खोडाचा शेंडाही जमिनीलगत, आवरणांच्या आत दडलेला असतो. गाईचे दात तिथवर पोचत नाहीत आणि झपाट्याने सरकणाऱ्या वणव्याची आचही तिथे कमी लागते.

जमिनीलगतच्या याच भागातून नवे फुटवे निघतात. भाताचा किंवा गव्हाचा फुटवा शेतकऱ्याला चांगला माहीत असतो. फुटवे जवळजवळ उभे निघाले की गवताचा ठोंब तयार होतो. गवती चहा हे त्याचे घरोघरी असणारे उदाहरण. फुटवे आडवे धावले तर गवत पसरते. हरळी, म्हणजे आपल्या पूजेतली दूर्वा, जमिनीवरून धावती खोडे सोडते आणि जमिनीखालूनही. म्हणून ती खणून काढली तरी पुन्हा येते. बागेच्या दृष्टीने हा फरक फार महत्त्वाचा आहे. ठोंबाची गवते नेमून दिलेल्या जागी राहतात. धावणारी गवते शेजारच्या वाफ्यात शिरतात. शोभेसाठी लावायचे ते ठोंबाचेच असावे.

उन्हाची गवते, थंडीची गवते

शोभेच्या गवतांची आवड युरोपात रुजवणाऱ्यांत कार्ल फोर्स्टर (१८७४–१९७०) या जर्मन रोपवाटिकाकाराचे नाव अग्रणी आहे. पॉट्सडॅमजवळ त्यांची रोपवाटिका होती, आणि बागेतील गवते व नेचे यांवरचे त्यांचे पुस्तक १९५७ मध्ये निघाले. त्यांच्या नावाचे एक उभट गवत आज युरोप-अमेरिकेतल्या बागांत सर्वत्र दिसते. पण तेच गवत सोलापूरच्या किंवा जळगावच्या उन्हाळ्यात चांगले वाढेल अशी अपेक्षा करू नये. याचे कारण प्रकाशसंश्लेषणात आहे.

हवेतील कार्बन डायऑक्साइड पकडण्याचे काम पानात रुबिस्को नावाचे विकर करते. या विकराचा एक दोष आहे. ते कधीकधी कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनच पकडते, आणि मग आधी जोडलेला काही कार्बन वाया जातो. तापमान वाढते तसा हा तोटाही वाढतो. गहू, भात, बांबू आणि थंड प्रदेशातील बहुतेक गवते याच पद्धतीने काम करतात. उष्ण प्रदेशातील पुष्कळ गवतांनी यावर उपाय काढला आहे. त्यांच्या पानात बाहेरच्या पेशी दुसऱ्या एका विकराच्या मदतीने कार्बन डायऑक्साइड पकडतात. त्यापासून चार कार्बन अणूंचे आम्ल बनते. ते आम्ल शिरांभोवती कड्यासारख्या मांडलेल्या पेशींत पोचवले जाते आणि तिथे त्यातून कार्बन डायऑक्साइड पुन्हा मोकळा होतो. त्यामुळे तिथल्या रुबिस्कोभोवती त्याची इतकी दाटी होते की ऑक्सिजनला वाव मिळत नाही. हा मार्ग हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियात उसाच्या पानांवर काम करून १९६६ मध्ये स्पष्ट केला. चार कार्बनांच्या आम्लावरून या वनस्पतींना सी-४ म्हणतात.

याचा फायदा दुहेरी असतो. कार्बन डायऑक्साइड पकडण्याची ताकद जास्त असल्यामुळे पर्णरंध्रे थोडीच उघडी ठेवून भागते आणि पाणी कमी उडून जाते. तेवढेच शुष्क वजन तयार करायला सी-४ वनस्पतीला ढोबळमानाने निम्मे पाणी पुरते. अर्थात हा जादा खटाटोप फुकट होत नाही. त्याला ऊर्जा लागते आणि ती उन्हातून येते. म्हणून सी-४ गवते सावलीत रोडावतात. "गवताला ऊन हवे" असे माळी सांगतो, त्यामागे हे शास्त्र आहे.

शोभेचे गवत कुंपणाबाहेर जाते तेव्हा

आता निवडीच्या मुख्य प्रश्नाकडे येऊ. रोपवाटिकांत "फाउंटन ग्रास" या नावाने विकले जाणारे गवत मूळचे उत्तर आफ्रिका आणि त्यालगतच्या कोरड्या प्रदेशातले. त्याचे शास्त्रीय नाव पेनिसेटम सेटेशियम; आता त्याला सेंक्रस सेटेशियस म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते शोभेसाठी हवाई बेटांवर नेण्यात आले. या गवतात परागसिंचनातून फलन न होताही बी तयार होते. त्यामुळे एकटे रोपही आपल्यासारखी हजारो रोपे निर्माण करू शकते, आणि केसाळ, हलके बी वाऱ्याबरोबर दूर जाते. पाहता पाहता हे गवत बागांतून निघून लाव्हारसाच्या ओसाड उतारांवर आणि तिथून कोरड्या जंगलांत शिरले.

त्यानंतर एक दुष्टचक्र सुरू झाले. हवाईतील कोरड्या जंगलांत झाडांच्या मधे पूर्वी मोकळी जागा असे. आग लागली तरी ती पसरत नसे. नव्या गवताने ही जागा वाळलेल्या पात्यांनी भरून काढली. आग लागली की झाडे जळतात, पण गवताचे ठोंब जमिनीलगतच्या कळ्यांतून काही आठवड्यांत पुन्हा हिरवे होतात. मोकळ्या झालेल्या जागी आणखी गवत येते आणि पुढची आग अधिक मोठी होते. मघाशी आपण गवताचा जो गुण पाहिला, तोच इथे घातक ठरतो.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये हवाईच्या माउई बेटावरील लाहायना गाव जळाले आणि शंभराच्या आसपास माणसे मरण पावली. त्या आगीला वादळी वाऱ्याचा जोर होता. पण गावाच्या वरच्या बाजूला उसाचे मळे बंद पडल्यानंतर माजलेली परदेशी गवते हे तिचे मोठे इंधन होते. ती मुख्यतः गिनी गवतासारखी, चाऱ्यासाठी आणलेली गवते होती. गवत शोभेसाठी आणले की चाऱ्यासाठी, याने आगीला फरक पडत नाही. युरोपीय संघाने २०१७ मध्ये फाउंटन गवताला उपद्रवी परकीय जातींच्या यादीत घातले. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या उंच, पांढऱ्या तुऱ्यांच्या पंपास गवताने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर असाच उपद्रव दिला आहे.

याचा अर्थ परदेशी ते वाईट आणि देशी ते चांगले असा सरसकट घेऊ नये. आपले अंजन गवत, सेंक्रस सिलियारिस, राजस्थान-गुजरातच्या कोरड्या कुरणांचा आधार आहे. पण चाऱ्यासाठी अमेरिकेत नेलेले हेच गवत अॅरिझोनाच्या वाळवंटात पसरले आहे आणि तिथल्या प्रचंड सग्वारो निवडुंगांपर्यंत आग पोचवते. गवत तेच असले तरी त्याच्या मूळ जागी त्याला चरणारी जनावरे, त्याच्यावर जगणारे किडे व बुरशी आणि त्याच्याशी स्पर्धा करणारे शेजारी असतात. नव्या जागी हे लगाम सुटतात.

आपल्याकडे उपटूनही न संपणारी घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे फुलझाड म्हणूनच भारतात आली, आणि नद्या-तलाव झाकून टाकणारी जलपर्णीही तिच्या सुंदर फुलांसाठीच देशोदेशी नेली गेली. दख्खनचे माळ वर्षातील सात-आठ महिने कोरडे असतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी डोंगरांना वणवे लागतात. फाउंटन गवताला याहून अनुकूल परिस्थिती कोणती? त्याचा जांभळ्या पात्यांचा प्रकार बहुतांशी वांझ असतो, त्यामुळे त्याचा धोका कमी आहे. हिरवा प्रकार मात्र भरपूर बी धरतो. लावलेच असेल तर तुरे पिकण्यापूर्वी कापावेत. माळरान, डोंगर किंवा ओढा जवळ असेल तर ते लावूच नये.

आपल्या माळावरची गवते

मग लावायचे काय? माळावर शोधले तर शोभेत कमी न पडणारी गवते सापडतात. पुढे दिलेली सर्व गवते ठोंबाची किंवा ताटाची आहेत, सी-४ आहेत आणि ज्वारी, ऊस, मका यांच्या जवळच्या नात्यातली आहेत.

*कुसळी* (हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस) हे माळावरचे सर्वांच्या ओळखीचे गवत. दिवाळीच्या सुमारास त्याचे ठोंब तांबूस होतात आणि उतरत्या उन्हात सगळा उतार तांब्यासारखा दिसतो. विशेष म्हणजे हेच गवत हवाई बेटांवरही आहे. तिथे त्याला पिली म्हणतात आणि जुन्या काळी घरे त्यानेच शाकारत. फाउंटन गवताने तिथे ज्यांची जागा घेतली, त्यांत ही आपली कुसळीही आहे. मात्र तिची कुसळे कपड्यांत आणि जनावरांच्या अंगात रुततात. खेळाच्या मैदानाजवळ ती लावू नये.

*पवना* (सेहिमा नर्व्होसम) आणि *मारवेल* (डायकॅन्थियम अॅन्युलेटम) ही उत्तम चाऱ्याची गवते. मारवेलचे तुरे बोटांसारखे पसरलेले आणि जांभळट असतात, तर पवन्याचा फुलोरा एकेरी, रुपेरी झाक असलेला असतो. जवळ लावली तर दोन्ही उठून दिसतात.

*वाळा* (क्रायसोपोगॉन झिझॅनिऑइडिस) हिरव्यागार, उंच ठोंबाचा. त्याची सुगंधी मुळे आपण माठात टाकतो. ही मुळे आडवी न पसरता सरळ खाली तीन-चार मीटरपर्यंत जातात, म्हणून बांध धरून ठेवण्यासाठी १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या भारतातील पाणलोट प्रकल्पांतून त्याचा प्रसार करण्यात आला. अंगणाच्या उतारावर माती वाहून जात असेल तर वाळ्याची एक ओळ पुरेशी आहे. लागवडीतला दक्षिण भारतीय वाळा सहसा रुजणारे बी धरत नाही, त्यामुळे तो पसरण्याची भीती नाही.

*गवती चहा* वेगळा सांगायला नको. त्याचाच भाऊ *रोशा* किंवा तिखाडी. त्याचा फुलोरा पिकताना तांबूस होतो आणि त्यापासून सुगंधी तेल निघते; एकेकाळी खानदेशात या तेलाच्या भट्ट्या चालत. *कसई* ओलसर जागी लावावी. तिची राखी, चकचकीत, कठीण फळे म्हणजे निसर्गाने भोक पाडून दिलेले मणीच.

ही नावे जिल्ह्याजिल्ह्यात बदलतात. गावातल्या गुराख्याला किंवा गवत कापणाऱ्या बाईंना विचारले तर स्थानिक नाव आणि जागा दोन्ही कळतील.

लागवड

जागा निदान पाच-सहा तास ऊन मिळणारी असावी. जमीन हलकी, मुरमाड असली तरी चालते, पाणी मात्र साचू नये (याला अपवाद कसईचा). खताचा मारा करू नये. नत्र जास्त झाले की पाती लांब आणि लुसलुशीत होतात व ठोंब पावसाने लोळतो.

ठोंबापासून लागवड करणे सर्वांत सोपे. मृगाचा पाऊस स्थिरावला की जुना ठोंब खणून दोन-तीन फुटवे आणि थोडी मुळे असलेले तुकडे वेगळे करावेत. पाती वीतभर ठेवून वरून कापावीत. मुळे तुटलेली असताना पानांतून पाणी कमी उडावे हा त्यामागचा हेतू. लहान गवतांत दीड फूट आणि वाळा-गवती चहासारख्या मोठ्या गवतांत तीन फूट अंतर ठेवावे. वाळ्याची बांधासाठी ओळ लावायची तर वीतभर अंतरच योग्य.

बियांपासून करायचे तर दिवाळीनंतर माळावरून थोडे पिकलेले तुरे आणावेत; एका जागेवरचे सगळे काढू नयेत. पुष्कळ रानगवतांचे ताजे बी लगेच उगवत नाही, त्याला काही महिन्यांची विश्रांती लागते. कागदी पिशवीत कोरडे ठेवून ते जूनमध्ये मातीच्या पृष्ठभागावर पसरावे आणि अगदी हलका थर द्यावा.

पहिल्या वर्षी पावसाने ओढ दिली तर पाणी द्यावे. पुढे फारसे लागत नाही. हिवाळ्यानंतर गवत वाळले की ते मेले असे समजू नये. फेब्रुवारीत ठोंब अर्धा वीत उंचीवर कापावा आणि कापलेले गवत झाडांच्या बुडाशी पसरावे, जाळू नये. दोन-तीन वर्षांनी ठोंबाचा मधला भाग मरतो आणि कडेनेच पाती येतात. तेव्हा तो खणून, विभागून पुन्हा लावावा.

शाळेत करून पाहता येईल

एका कुंडीत गहू आणि दुसरीत मूग पेरा. रोपे वीतभर झाली की दोन्ही मातीपासून एक बोट उंचीवर कापा. चार दिवसांनी गहू पुन्हा वाढलेला दिसेल, मूग नाही. कारण मुलांनाच शोधू द्या.

दुसऱ्या कुंडीतील मक्याच्या कोवळ्या, वाढत्या पात्यावर शाईने एकेक सेंटिमीटरवर रेघा मारा, आणि जास्वंदीच्या किंवा वालाच्या कोवळ्या पानावरही तशाच. आठवड्याने मोजा. मक्याच्या रेघांमधील अंतर तेवढेच राहते, पण सगळ्या रेघा वर सरकतात. नवा भाग खालून आलेला असतो. दुसऱ्या पानावर मात्र रेघा एकमेकींपासून दूर गेलेल्या दिसतात.

कुसळीचे एक सुटे, वाळलेले कुसळ टाचणीने उभे रोवून त्यावर पाण्याचा थेंब सोडा. ते स्वतःभोवती फिरू लागेल. कुसळातील पेशींच्या भिंतींमधले तंतू मळसूत्रासारखे तिरपे असतात. ओले झाले की पीळ सुटतो, वाळले की पुन्हा बसतो. बियाच्या टोकाशी मागे वळलेले केस असतात, त्यामुळे हे फिरणे बियाला फक्त पुढे ढकलते आणि ते जमिनीत रुजते. रानओटच्या कुसळाचा असाच गुण वापरून हवेतील दमटपणा दाखवणारे साधन बनवता येते, हे रॉबर्ट हूकने १६६५ च्या आपल्या ग्रंथात वर्णिले आहे. कुसळीचे कुसळ, पुठ्ठ्याची तबकडी आणि टोकाला चिकटवलेला कागदाचा काटा एवढ्यावर मुलांना ते करता येईल.

शाळेच्या आवारात दहा फूट लांबीचा एक वाफा यासाठी ठेवता आला तर उत्तम. माळरानांची नोंद आजही पुष्कळदा "पडीक जमीन" अशी होते आणि हौसेने त्यावर झाडे लावली जातात. माळढोक आणि तणमोर यांसारख्या पक्ष्यांचे घर तेच आहे, हे ध्यानात येत नाही. माळावरची पाच गवते नावानिशी ओळखणारा विद्यार्थी त्या जमिनीला पडीक म्हणताना निदान एकदा थांबेल.